संगणकाच्या चिठ्ठ्या



पहिली बॅटिंग कोणाची हे ठरवायला आपण नाणे उडवतो. बसमध्ये खिडकीची जागा एकच असेल तर चिठ्ठ्या टाकतो. चिठ्ठी कोणाच्याही ओळखीची नसते, म्हणून ज्याचे नाव निघत नाही तोही निकाल मान्य करतो. हल्ली हेच काम संगणकाकडे दिले जाते. ‘संगणकाने नाव काढले’ म्हटले की वाद संपला, असे आपण धरून चालतो. पण संगणकाजवळ नाणे नसते आणि चिठ्ठ्यांचा डबाही नसतो. त्याच्याजवळ असते गणित, आणि गणित तेच आकडे दिले की तेच उत्तर देते. मग त्यातून बेभरवशाचा, म्हणजेच यादृच्छिक आकडा येतो कुठून? आणि तो बिघडला आहे हे ओळखायचे कसे?

मी संगणक विषय शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका निवासी शाळेत असाच बिघाड शोधण्याचे काम माझ्याकडे आले. तिथल्या एका हाऊसच्या व्हरांड्यात सूचनाफलकाचा संगणक होता. दिवसाच्या सूचना, मेसचा मेनू आणि त्या दिवशीच्या प्रेप-ड्यूटीचे नाव त्याच्या पडद्यावर झळके. प्रेप संपल्यावर दिवे-पंखे बंद करायचे, खोलीला कुलूप लावायचे आणि ड्यूटी मास्तरांना रिपोर्ट द्यायचा, अशी ही ड्यूटी. हाऊसच्या यादीत ३० कॅडेट होते. सहावीतला सर्वांत लहान मुलगा क्रमांक १ वर आणि बारावीतला सर्वांत मोठा क्रमांक ३० वर. रोज एक नाव एका छोट्या स्क्रिप्टने निघत असे. ही स्क्रिप्ट क्रमांक ३० च्या कॅडेटनेच एका जुन्या पुस्तिकेवरून फलकावर चढवली होती.

तक्रारी तीन होत्या. पहिली क्रमांक १७ ची. हा सातवीतला मुलगा. वीज गेली की दोन दिवसांत ड्यूटी याचीच, असे सगळे म्हणत. मुले त्याला ‘पनवती’ म्हणून चिडवू लागली होती आणि त्याने घरी पत्रातही तसे लिहिले होते. दुसरी तक्रार क्रमांक ३० विरुद्ध. त्याचे नाव फार क्वचित येते, स्क्रिप्ट त्यानेच चढवली, तेव्हा त्याने स्वतःला वगळले असणार, असा आळ त्याच्यावर होता. तिसरी तक्रार अशी की एकाच आठवड्यात एकाच कॅडेटचे नाव दोनदा येते, म्हणजे यंत्र नीट मिसळत नाही.

हाऊस मास्टर मला म्हणाले, “सर, यंत्रात दोष असेल तर हा मुलगा सुटेल. नसेल तर मला त्याला समोर उभे करावे लागेल. त्याआधी मला खात्री हवी.”

फायरिंग रेंजवर आपण काय शिकतो ते आठवा. सगळ्या गोळ्या एका जागी, पण मध्यापासून दूर लागल्या असतील तर साइट तपासायची. गोळ्या इकडे तिकडे विखुरल्या असतील तर पकड आणि श्वास तपासायचा. दोष कुठे आहे ते निशाणाचा आकार सांगतो. यादृच्छिक आकड्यांचेही तसेच आहे. ‘काहीतरी गडबड आहे’ एवढ्यावर थांबायचे नाही. गडबडीचा आकार कोणता ते पाहायचे. दोषाच्या जागा मुख्यतः तीन: सुरुवात, कृती आणि उत्तराला हव्या त्या मापात बसवण्याची रीत.

आकडा तयार होतो कसा

संगणकीय सूचनाफलकाची कल्पना जुनी आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी टेलिफोनच्या तारेवरून चालणारा पहिला असा फलक सुरू केला. पुढे अशा फलकांवर निरोपांबरोबर छोटे खेळही आले. खेळ आला की फासा आला, आणि फासा आला की यादृच्छिक आकडा देणारे फंक्शन आले. त्या काळचे संगणक लहान, स्मरणशक्ती थोडी, म्हणून कमीत कमी गणितात काम भागवायची कृती सगळीकडे वापरली जाई. तीच कृती आमच्या पुस्तिकेत होती.

ही कृती डी. एच. लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे. हातातला आकडा घ्या, त्याला एका ठरलेल्या संख्येने गुणा, दुसरी ठरलेली संख्या मिळवा, तिसऱ्या ठरलेल्या संख्येने भागा आणि बाकी ठेवा. ती बाकी म्हणजे नवा आकडा. पुढच्या वेळी त्याच्यावर पुन्हा तीच कृती. ज्या पहिल्या आकड्यापासून आपण निघतो त्याला बीज म्हणतात.

कागदावर करून पाहू. गुणक ५, मिळवायचे ३, भाजक १६ आणि बीज ७ घ्या. ७ ला ५ ने गुणून ३ मिळवले की ३८. त्याला १६ ने भागल्यावर बाकी ६. मग ६ पासून ३३, बाकी १. असे करत गेले की ही रांग मिळते:

७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४

आणि पुन्हा ७. सोळाच्या सोळा आकडे एकेकदा आले आणि चक्र पूर्ण झाले. खऱ्या फंक्शनमध्ये भाजक फार मोठा असतो, त्यामुळे चक्रही लांब असते, पण चक्र असतेच.

गुणक आणि भाजक वाटेल ते घेऊन चालत नाही. जॉन फॉन नॉयमन यांची याच काळातली दुसरी एक पद्धत पाहा. चार अंकी संख्येचा वर्ग करायचा, तो आठ अंकी लिहायचा आणि मधले चार अंक घ्यायचे. दिसायला झकास. पण २१०० पासून निघालात तर ४१००, मग ८१००, मग ६१०० आणि परत २१००. चार आकड्यांत गाडी अडकली. आपल्याकडे नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांनी शोधलेला ६१७४ हा आकडा तुम्हाला माहीत असेल. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि हेच पुन्हा पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळे तिथेच येऊन थांबतात. कापरेकरांसाठी ती मौज होती, यादृच्छिक आकड्यांच्या फंक्शनसाठी मात्र तो मृत्यू. तेव्हा गणित गुंतागुंतीचे दिसले म्हणजे आकडे बेभरवशाचे झाले, असे नाही.

पहिला दोष: बीज

क्रमांक १७ च्या तक्रारीपासून सुरुवात केली. ड्यूटी रजिस्टरमध्ये रोजचे नाव होतेच. दुसरी वही मला जनरेटरच्या खोलीत मिळाली. वीज कधी गेली, जनरेटर कधी सुरू केला, याची तारीखवार नोंद तिथे असते. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि प्रत्येक खंडानंतरच्या पहिल्या पाच दिवसांचे क्रमांक एकाखाली एक लिहिले. प्रत्येक ओळ हुबेहूब सारखी आली. दुसऱ्या जागी दर वेळी १७.

आता निदान सोपे होते. संगणक चालू असेपर्यंत आकडा पुढे सरकत होता. वीज गेली की स्मरणातला आकडा पुसला जाई आणि स्क्रिप्ट पुन्हा त्याच ठरलेल्या बीजापासून निघे. बीज तेच, म्हणून रांग तीच. पावसाळ्यात वीज वारंवार गेली, म्हणून रांगेच्या सुरुवातीची नावे पुन्हा पुन्हा आली आणि शेवटची नावे कधी आलीच नाहीत. मुलाचे नशीब फुटके नव्हते. तो रांगेत दुसरा होता, एवढेच.

हा दोष फार जुना आणि फार पसरलेला आहे. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये ‘रँडमाइझ’ ही आज्ञा दिली नाही तर प्रोग्रॅम दर वेळी तीच रांग देतो. सी भाषेत बीज दिले नाही तर ते १ धरले जाते. पायथनमध्ये मात्र ऑपरेटिंग सिस्टिमकडून नवे बीज आपोआप घेतले जाते, म्हणून आजच्या मुलांना हा दोष लवकर भेटत नाही.

उपाय काय? साधारण सांगितला जाणारा उपाय म्हणजे घड्याळातून बीज घेणे. पण इथे दोन खड्डे आहेत. पहिला असा की जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला असेल तर वीज गेल्यावर घड्याळ दर वेळी त्याच तारखेपासून सुरू होते. म्हणजे बीज परत तेच. दुसरा असा की काही जण प्रत्येक आकड्याच्या वेळी नवे बीज देतात. स्क्रिप्ट इतकी वेगवान असते की एकाच सेकंदात शंभर आकडे मागितले तर शंभरही सारखे येतात. शेतकरी हंगामाला एकदाच पेरतो, रोज उकरून पुन्हा पेरत नाही. बीज एकदाच द्यावे. आमच्या फलकासाठी सर्वांत सोपा मार्ग होता तो हा: शेवटचा आकडा दर वेळी फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि वीज आली की तिथूनच पुढे चालायचे.

दुसरा दोष: ज्याची तक्रारच नव्हती

याच फंक्शनवर रविवारची प्रश्नमंजुषाही चालत असे. पुढचा प्रश्न लाल, पिवळे, हिरवे, निळे यांपैकी कोणत्या हाऊसला, हे स्क्रिप्ट ठरवी. तिथे कोणाचीच तक्रार नव्हती. ४०० प्रश्नांची जुनी नोंद मोजली तर प्रत्येक हाऊसला बरोबर १०० प्रश्न आलेले. मुले म्हणाली, “सर, हे तर अगदी चोख आहे.”

मला मात्र तिथेच शंका आली. खऱ्या चिठ्ठ्या टाकल्या तर ४०० मध्ये प्रत्येकाला सुमारे १०० येतील, पण नेमके १०० क्वचितच. साधारण नऊने इकडे तिकडे होणे हा नेहमीचा खेळ आहे. कोणाला ९२, कोणाला १०९ असे दिसले असते तर मी निश्चिंत झालो असतो. चारही ठिकाणी नेमके १०० हे जरा जास्तच चांगले होते.

वर लिहिलेली सोळा आकड्यांची रांग पुन्हा पाहा. आधी सम-विषम तपासा: विषम, सम, विषम, सम, शेवटपर्यंत. आता प्रत्येक आकड्याला ४ ने भागून बाकी लिहा: ३, २, १, ०, ३, २, १, ०, ३, २, १, ०. आपण यादृच्छिक रांग तयार केली असे समजत होतो, आणि तिच्या पोटात हे घड्याळ टिकटिक करत होते. भाजक २, ४, ८, १६ अशा दुपटीच्या मालिकेतला असेल तर या कृतीच्या आकड्यांची शेपटी नेहमी असेच छोटे चक्र घालते. आमची स्क्रिप्ट हाऊस ठरवायला नेमकी ४ ने भागून उरणारी बाकीच वापरत होती. म्हणून लाल हाऊसची पाळी झाली की ती पुन्हा चौथ्या प्रश्नालाच येणार हे पक्के. हुशार मुलांनी ते ओळखलेही होते. आपली पाळी नसेल तेव्हा ती आरामात बसत.

म्हणून लक्षात ठेवा, प्रत्येक आकडा किती वेळा आला एवढे मोजून परीक्षा पूर्ण होत नाही. कोणानंतर कोण आले हेही मोजावे लागते. चार हाऊस असतील तर एका हाऊसनंतर लगेच तेच हाऊस येण्याचा योग चारात एक असायला हवा. आमच्या नोंदीत तो एकदाही नव्हता. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर ‘रँडू’ नावाचे फंक्शन जगभर वापरले जाई. एकेकटे आकडे पाहिले तर काही खटकत नसे. पण तीन-तीन आकडे एकत्र घेऊन ते घनाकृती जागेत बिंदू म्हणून मांडले की सगळे बिंदू केवळ १५ समांतर पातळ्यांवर बसलेले दिसतात, जणू रॅकमधली पुस्तके. त्या फंक्शनवर विसंबून केलेल्या आकडेमोडींवर पुढे शंका घ्यावी लागली.

उपाय छोटा होता. आकड्याची शेपटी न घेता डोके घ्यायचे. आपल्या सोळाच्या रांगेत बाकी टाकून भागाकार घेतला तर १, १, ०, २, २, २, १, ३, ३, ३, २, ०, ०, ०, ३, १ असे येते. चारही वाटे चार-चारच आहेत, पण पाळीचे ते घड्याळ गेले.

तिसरा दोष: मापात बसवणे

आता क्रमांक ३०. रजिस्टरमध्ये त्याची ड्यूटी कमी होती हे खरे. पण एका वर्षाच्या नोंदी इतक्या थोड्या की त्यांवरून कोणाला दोषी ठरवणे योग्य नव्हते. म्हणून फंक्शनलाच कामाला लावले. वेगळ्या बीजाने ३०,००० वेळा नाव काढायला सांगितले. प्रत्येकाला सुमारे १,००० यायला हवेत. अठ्ठावीस जण हजाराच्या घरात निघाले, क्रमांक ३० पाचशेच्या घरात. आळ खरा ठरतो की काय असे क्षणभर वाटावे असा हा आकडा. पण यादीच्या दुसऱ्या टोकाला क्रमांक १ होता, सहावीतला, ज्याला स्क्रिप्ट म्हणजे काय हेही माहीत नव्हते. तोही पाचशेच्या घरात.

दोन्ही टोकांना निम्मे, मधे सगळ्यांना सारखे. हा आकार कोणाच्या हेतूचा नव्हता, हिशेबाचा होता. फंक्शन ० आणि १ यांच्या दरम्यानचा अपूर्णांक देत असे. स्क्रिप्ट त्याला २९ ने गुणून जवळचा पूर्णांक घेई आणि १ मिळवी. आता मोजपट्टी डोळ्यांसमोर आणा. २ हे उत्तर यायला अर्ध्यापासून दीडपर्यंत, म्हणजे पूर्ण एक घर मिळते. पण १ हे उत्तर यायला शून्यापासून अर्ध्यापर्यंत, म्हणजे अर्धेच घर. तसेच ३० ला २८.५ पासून २९ पर्यंत अर्धेच. म्हणून दोन्ही टोके अर्धपोटी. फाशासाठी हीच चूक केली तर ६०० फेकींत १ आणि ६ प्रत्येकी सुमारे ६० वेळा आणि बाकीचे आकडे सुमारे १२० वेळा येतील. बरोबर रीत अशी: ३० ने गुणा, अपूर्णांक सोडून द्या, मग १ मिळवा. तीस घरे, सगळी सारखी.

याच जातीची आणखी एक चूक सांगून ठेवतो. फंक्शन ० ते २५५ आकडे देत असेल आणि तुम्ही १०० ने भागून बाकी घेतलीत, तर ० ते ५५ या बाक्या तीन-तीन मार्गांनी येतात आणि ५६ ते ९९ दोन-दोन मार्गांनीच. जिथे भाग पूर्ण जात नाही तिथे कोणावर तरी अन्याय होतो. २०० च्या वरचे आकडे टाकून देऊन नवा आकडा मागायचा, म्हणजे २०० पासून पुढचे सगळे बाद, हा त्यावरचा साधा उपाय.

जो दोष नव्हताच

राहिली तिसरी तक्रार, एकाच आठवड्यात दोनदा नाव. ३० जणांतून सहा दिवस रोज एक नाव, आणि निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची, तर सहाही नावे वेगळी असण्याची शक्यता ३०×२९×२८×२७×२६×२५ भागिले ३० चा सहावा घात. उत्तर येते सुमारे ०.५९. म्हणजे दर पाच आठवड्यांपैकी दोन आठवड्यांत कोणाचे तरी नाव दोनदा येणारच. महिन्याच्या ३० दिवसांचा हिशेब केला तर सरासरी ११ कॅडेटना एकही ड्यूटी येत नाही. यंत्र निर्दोष असले तरीही.

इथे मी हाऊस मास्टरांना सांगितले की प्रश्न फंक्शनचा नाही, आपण काय मागतो त्याचा आहे. सर्वांना सारखी ड्यूटी हवी असेल तर रोज चिठ्ठी काढू नये. महिन्याच्या सुरुवातीला पत्ते पिसल्यासारखी पूर्ण यादी एकदा पिसावी आणि त्या क्रमाने जावे. पिसण्याचीही शिस्त आहे. शेवटच्या जागेपासून सुरू करायचे, तिच्यासकट आधीच्या सर्व जागांतून एक निवडायची, अदलाबदल करायची, मग एक जागा खाली यायचे. दर वेळी सगळ्याच जागांतून निवड केली तर पिसणे वाकडे होते. तीन पत्त्यांवर पाहा: वाटा २७ होतात, क्रम मात्र ६ असतात, आणि २७ ला ६ ने भाग जात नाही. काही क्रमांना जास्त वाटा मिळणारच.

एवढे कशासाठी?

दिवे-पंखे बंद करण्याच्या ड्यूटीसाठी इतका खटाटोप का, असे कोणी म्हणेल. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत कोणत्या तरुणांना आधी सैन्यात बोलवायचे हे जन्मतारखांच्या सोडतीने ठरले. वर्षाच्या ३६६ तारखा कुप्यांत घालून काचेच्या भांड्यातून काढल्या. जिची कुपी आधी निघाली ती तारीख आधी. पुढे १९५ व्या क्रमांकापर्यंतच्या तारखांना बोलावणे गेले. सरासरीने डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी १६ किंवा १७ त्यात यायला हव्या होत्या. आल्या २६. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या, डिसेंबर शेवटी, आणि त्या पुरेशा मिसळल्या गेल्या नाहीत. कोणी लबाडी केली नव्हती. पण डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाला त्याचे काय? पुढच्या वर्षीच्या सोडतीत तारखा एका पिंपात आणि क्रमांक दुसऱ्या पिंपात घालून रीत सुधारली गेली.

संगणकाच्या जगातले उदाहरण डेबियन या प्रणालीचे. २००६ मध्ये तिच्या एका भागातून एक ओळ निरुपयोगी समजून काढली गेली. त्यामुळे गुप्त किल्ल्या तयार करताना बीजाला मिळणारी विविधता जवळपास संपली आणि एकेका प्रकारच्या संगणकावर, एकेका मापाच्या किल्ल्यांची संख्या ३२,७६८ पर्यंत खाली आली. एवढ्या किल्ल्या साधा संगणकही एकेक करून लावून पाहू शकतो. मे २००८ मध्ये हे जाहीर झाले, तोवर जवळपास दोन वर्षे कुलपे दिसायला पक्की होती. तुमच्यापैकी जे पुढे सिग्नल्समध्ये जातील त्यांना हा धडा रोज उपयोगी पडेल. तिथे बीजाचा अंदाज शत्रूला आला तर निरोप उघडाच समजा. म्हणूनच या लेखातली साधी कृती ड्यूटीच्या यादीला चालते, पण गुप्त किल्लीसाठी कधीही वापरू नये.

आमच्या हाऊसमध्ये दुरुस्ती क्रमांक ३० च्या कॅडेटनेच केली, मी शेजारी बसलो होतो. दुसऱ्या दिवशी फॉल-इनला हाऊस मास्टरांनी दोन्ही वह्या सर्वांना दाखवल्या. आळ ज्यांनी घेतला होता त्यांनी तो सर्वांसमोर मागे घेतला. क्रमांक १७ ला चिडवणेही थांबले, कारण ‘पनवती’ला आता एक साधे गणिती कारण मिळाले होते.

तुमच्यासमोर असा बिघाड आला तर हा क्रम धरा. आधी नोंद, मग मत. बीज मुद्दाम एकच ठेवून बिघाड पुन्हा घडवून पाहा. पुन्हा घडला तर अर्धे काम झाले. मग हजारो वेळा चालवून प्रत्येक आकडा मोजा, विशेषतः दोन्ही टोके. मग जोड्या मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदललेली गोष्ट लिहून ठेवा. आणि शेवटी विचारा, आपल्याला खरोखर चिठ्ठी हवी आहे की पाळी?

सुट्टीत घरी एक प्रयोग करा. आई-बाबांना सांगा, मनाने फासा टाकल्यासारखे १ ते ६ मधले शंभर आकडे पटापट लिहून द्या. मग खरा फासा शंभर वेळा टाका आणि तेही लिहा. दोन्ही याद्यांत एकच आकडा लागोपाठ किती वेळा आला ते मोजा. फाशाच्या यादीत तो सुमारे सोळा-सतरा वेळा यायला हवा. मनाच्या यादीत किती वेळा येतो, ते तुम्हीच पाहा.